कर्णबधिर बालक आणि गावची शाळा



मालवण तालुक्यातील मसुरे हे गाव एका ठिकाणी वसलेले नाही. भरतगडाच्या परिसरापासून गड नदीच्या काठापर्यंत ते अनेक वाड्यांत विखुरलेले आहे. माडा-पोफळीच्या बागा, व्हाळ, पाणंदी आणि चढउतार यांनी एक वाडी दुसरीपासून वेगळी केली आहे. अशा गावात माणूस माणसाला पाहण्यापूर्वी ऐकतो. एका खळ्यातून दुसऱ्या खळ्यात हाक जाते. देवळात ढोल वाजला की आरतीची वेळ झाली, हे घरबसल्या कळते. गावाचा सारा व्यवहार असा आवाजावर चालत असताना ज्या बालकापर्यंत हा आवाज पोहोचतच नाही, त्याच्या शिक्षणाचे काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ कानाचा आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः तो भाषेचा आहे. ऐकणारे मूल सहाव्या वर्षी शाळेत येते, तेव्हा हजारो शब्द आणि वाक्य जुळविण्याची रीत त्याने घरातच, कोणी मुद्दाम न शिकविता, आत्मसात केलेली असते. शाळेला फक्त त्या भाषेला अक्षराची जोड द्यावयाची असते. कर्णबधिर मूल मात्र पुष्कळदा कोणतीच भाषा न घेता शाळेच्या पायरीवर उभे राहते. भूक, तहान, राग, प्रेम हे सर्व त्याच्यापाशी असते, बुद्धीही असते, परंतु ‘का?’ आणि ‘केव्हा?’ हे प्रश्न विचारण्याचे साधन त्याला कोणी दिलेले नसते. हे साधन त्याला लवकरात लवकर मिळवून देणे, हेच कर्णबधिरांच्या शिक्षणाचे पहिले कार्य होय.

शब्दाचा दोष

गावात अशा मुलाला ‘मुका’ म्हणण्याची पद्धत आहे. शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव वेगळे असते. पण वाडीत ‘मुका’ हेच त्याचे नाव होऊन बसते. ‘मूकबधिर’ हा जुना शब्दही दोन व्यंगे एकत्र सांगतो. प्रत्यक्षात अशा बहुसंख्य मुलांचा कंठ, जीभ, ओठ हे सर्व निर्दोष असते. जे कधी ऐकलेच नाही ते उच्चारता येत नाही, एवढेच त्याच्या मुकेपणाचे कारण. म्हणून पुढे ‘कर्णबधिर’ हा शब्द रूढ झाला.

कायद्याच्या दृष्टीने यातही दोन वर्ग आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीतील ७० डेसिबलचा श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती कर्णबधिर, तर ६० ते ७० डेसिबलचा ऱ्हास असलेली व्यक्ती अल्पश्रवण समजली जाते. परंतु शिक्षकाने एवढ्यावर थांबू नये. याहून कमी ऱ्हास असलेले, प्रमाणपत्रास पात्र न ठरणारे मूलही वर्गात अर्धेच ऐकत असते आणि त्याची नोंद कोठेच होत नाही.

ओळख लवकर का होत नाही

श्रवणदोष डोळ्यांना दिसत नाही. शिवाय घरच्यांची फसगत होण्यास अनेक कारणे असतात. कर्णबधिर अर्भकही सुरुवातीचे काही महिने इतर अर्भकांसारखेच हुंकार देते. मागून ताट वाजवून पाहिले तर ते कधीकधी वळते. परंतु ते आवाजाने वळते असे नाही. जमिनीचे कंपन, हाताची सावली, आईच्या चेहऱ्यावरील भाव, यांपैकी काहीही त्याला पुरेसे असते. काही मुलांना ढोलाचा जाड आवाज ऐकू येतो; पण स, श, च, फ यांसारखे बारीक ध्वनी ऐकू येत नाहीत. घरचे म्हणतात, ‘त्याला सगळे ऐकू येते, पण ते हट्टी आहे.’ शिक्षक म्हणतात, ‘लक्ष नाही.’ दोघांनाही आवाज ऐकणे आणि शब्द ऐकणे यांतील अंतर ठाऊक नसते. मध्ये वर्षे निघून जातात आणि भाषा शिकण्यास सर्वांत अनुकूल असलेली पहिली पाच वर्षे परत आणता येत नाहीत.

म्हणूनच आरोग्यशास्त्राने आज एक सोपा दंडक घालून दिला आहे: पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजनेस प्रारंभ. जेथे जन्मतःच चाचणी झालेली नसेल, तेथे आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांनी काही ठळक लक्षणांकडे लक्ष ठेवावे. सहा महिन्यांचे मूल आवाजाच्या दिशेने मान वळवीत नाही, वर्षाचे मूल एकही सार्थ शब्द उच्चारीत नाही, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडीत नाही, असे आढळल्यास ‘वडीलही उशिरा बोलले होते’ या समजुतीवर स्वस्थ बसू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून राबविला जात आहे. त्यातील पथकाने अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करावी, अशी योजना आहे. पथक येणार त्या दिवशी संशयित मूल हजर राहील, एवढे पाहणे शिक्षकाच्या हाती आहे. पुढील तपासणीसाठी ओरोसला जाऊन येण्यात पालकांचा एक दिवस मोडतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. पंचायतीने याकरिता साह्य केले, तर पुष्कळशा तपासण्या ‘पुढच्या महिन्यात’ ढकलल्या जाणार नाहीत.

कारणांपैकी काही टाळता येण्याजोगी आहेत. गरोदरपणातील रुबेला, नवजात बालकाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर आणि कानावर विपरीत परिणाम करणारी काही औषधे ही त्यांपैकी प्रमुख होत. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम झाली आणि ही लस आता नियमित लसीकरणाचा भाग आहे. जवळच्या नात्यातील विवाहांमुळे आनुवंशिक श्रवणदोषाची शक्यता वाढते. पावसाळी, दमट हवेच्या या पट्ट्यात कान वाहण्याकडे दुर्लक्ष होणार नाही, याचीही काळजी घेतली पाहिजे. कानात कोमट तेल घालणे हा त्यावरील उपाय नव्हे, तर अपाय आहे. वाहणारा कान वेळीच डॉक्टरांना दाखविल्यास मुलाची श्रवणशक्ती वाचू शकते.

मिलानपासून मुंबईपर्यंत

या शिक्षणाचा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूने कर्णबधिरांच्या खुणांचाच आधार घेऊन त्यांची शाळा चालविली. परंतु १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांना बाजूस सारून केवळ मौखिक पद्धतीने, म्हणजे ओठ पाहून व उच्चार शिकवून, शिक्षण द्यावे, असा ठराव केला. पाचच वर्षांनी, १८८५ मध्ये, मुंबईत कर्णबधिरांची भारतातील पहिली शाळा सुरू झाली. बिशप लिओ म्यूरिन हे तिचे संस्थापक आणि टी. ए. वॉल्श हे तिचे पहिले प्राचार्य. १८९३ मध्ये कलकत्त्यास दुसरी शाळा निघाली. या देशातील शाळांवर पुढे दीर्घकाळ मौखिक पद्धतीचाच प्रभाव राहिला. खुणांना वर्गात स्थान नव्हते. त्या वसतिगृहात आणि मैदानावर मुलांनी आपसांत जिवंत ठेवल्या.

१९६० मध्ये अमेरिकेत विल्यम स्टोको यांनी खुणांच्या भाषेला स्वतःची रचना व व्याकरण असते, हे दाखवून दिले. १९७० च्या दशकात मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर येथील खुणांचा अभ्यास केला. शहरागणिक काही शब्द वेगळे असले तरी या खुणा परस्परांशी नाते सांगणाऱ्या आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. १९८३ मध्ये मुंबईतील वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथे २००१ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र कक्ष सुरू होऊन दुभाषांच्या प्रशिक्षणाला चालना मिळाली. २०१५ मध्ये दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघाले. त्याच्या शब्दकोशात २०१८ मध्ये ३,००० शब्द होते. २०२१ पर्यंत ते १०,००० झाले. मिलानच्या ठरावाबद्दल त्याच आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१० मध्ये व्हँकुव्हर येथे खेद व्यक्त केला. एका ठरावाचा परिणाम निस्तरण्यास १३० वर्षे लागली, हे शिक्षणक्षेत्रातील प्रत्येकाने ध्यानी घ्यावे.

याचा अर्थ वाचा शिकविणे व्यर्थ आहे, असा नव्हे. श्रवणयंत्राने ज्याला लाभ होतो त्या मुलाला बोलते केलेच पाहिजे. मात्र बोलणे येईपर्यंत त्याला भाषेवाचून ठेवणे गैर आहे. खुणांमुळे मूल बोलण्याचा आळस करील ही भीती अनाठायी आहे. एक भाषा पक्की झालेले मूल दुसरी अधिक सुलभतेने शिकते, हा सर्व शिक्षकांच्या अनुभवातील नियम येथेही लागू पडतो.

ओठ किती सांगतात

‘हळू बोलले की तो ओठांवरून सर्व ओळखतो’, असे पुष्कळदा म्हटले जाते. शिक्षकाने आरशासमोर उभे राहून ‘पाळ, बाळ, माळ’ हे तीन शब्द आवाज न काढता उच्चारून पाहावेत. नंतर ‘पोट, बोट, मोट’ हे. ओठांची हालचाल तिन्ही वेळा एकच दिसेल. क, ख, ग, ह हे ध्वनी तर ओठांवर येतच नाहीत. म्हणजे ओठ वाचणारे मूल शब्द वाचीत नसून संदर्भावरून तर्क करीत असते. आणि तर्क करण्यासाठीही भाषा आधी यावी लागते.

मालवणी मुलखात यात आणखी एक अडचण आहे. घरी आई ‘खंय जातंस?’ असे विचारते, शाळेत गुरुजी ‘कुठे जातोस?’ असे विचारतात. घरी ‘माका’, ‘तुका’. पुस्तकात ‘मला’, ‘तुला’. ऐकणारे मूल या दोन्ही बोली सहज सांभाळते. ओठांवरून शिकणाऱ्या मुलाला मात्र एकाच अर्थाचे दोन निराळे चेहरे दिसतात. ही गोष्ट ध्यानी घेऊन शिक्षकाने आईची बोली हसण्यावारी नेऊ नये. कोणता घरचा शब्द कोणत्या पुस्तकी शब्दाच्या जागी येतो, हे चित्रपत्रिकेवर शेजारी शेजारी लिहून दाखवावे.

वर्गातील कार्य

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कमी पटाच्या प्राथमिक शाळा पुष्कळ आहेत. अन्य दृष्टीने ती चिंतेची बाब असली, तरी कर्णबधिर मुलासाठी लहान वर्ग ही मोठी सोय ठरते. दहा-बारा मुलांना अर्धवर्तुळात बसविता येते. असे बसविल्यास कर्णबधिर मुलाला शिक्षकाचा चेहरा दिसतो आणि उत्तर देणाऱ्या सोबत्याचाही. शिक्षकाने खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये. उजेड चेहऱ्यावर पडला पाहिजे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. आधी लिहावे, मग वळून बोलावे. ओरडू नये, कारण ओरडताना ओठांचा आकार बिघडतो. ‘समजले का?’ असे विचारू नये. त्याला मूल नेहमीच मान डोलावते. ‘काय समजले ते दाखव’, असे सांगावे.

श्रवणयंत्र म्हणजे चष्मा नव्हे. चष्मा लावताच दिसू लागते. यंत्र लावल्यावर ऐकावयास शिकावे लागते. यंत्र सर्वच आवाज मोठे करते. या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पत्र्याच्या किंवा कौलारू छपरावर सरी कोसळू लागल्या, की यंत्र लावलेल्या मुलाच्या कानात फक्त पाऊस उरतो. पावसाळ्यात अशा मुलाचा पाठ तोंडी न घेता लिखाण, चित्र आणि खुणा यांवर घ्यावा. खारी, दमट हवा व घाम यांनी यंत्रे लवकर बिघडतात. रात्री यंत्र ओलावा शोषणाऱ्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. मूल वाढेल तसा कानातील साचा बदलावा लागतो. बॅटरी संपली म्हणून यंत्र महिनोन्‌महिने कपाटात पडून राहते, ही गोष्ट फार ठिकाणी घडते.

वाचन-लेखनाविषयी एक बाब विशेष महत्त्वाची. कर्णबधिर मुलाच्या वहीत ‘बाबा होडी रंग दिला’ असे वाक्य आढळते आणि शिक्षक त्यावर लाल रेघ ओढतात. मराठीचे विभक्तिप्रत्यय शब्दाच्या शेवटी, हलक्या आवाजात येतात. कमी ऐकणाऱ्या कानाला आणि ओठ पाहणाऱ्या डोळ्याला नेमके तेच निसटतात. तेव्हा हा बुद्धीचा दोष नसून न दिसलेल्या अक्षराचा दोष आहे. तो डोळ्यांना दाखवून दुरुस्त करता येतो. कागदाची एक होडी घ्यावी. बाहुली होडीत बसते, होडीवर उभी राहते, होडीला रंग देते, होडीने पलीकडे जाते, अशी एकेक कृती करावी, तिची खूण दाखवावी आणि वाक्याची पट्टी समोर ठेवावी; त, वर, ला, ने ही अक्षरे वेगळ्या रंगाने लिहावीत. एक दिवस एक प्रत्यय, एवढाच वेग ठेवावा. कृती, खूण, अक्षर हा क्रम सुटू देऊ नये. हा पाठ ऐकणाऱ्या मुलांनाही उपयोगी पडतो.

सांकेतिक भाषा एकट्या मुलाला शिकवून भागत नाही. भाषेला बोलणारा आणि समजणारा असे दोघे लागतात. बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. अशा घरात आठ-दहा खुणा आपोआप तयार होतात. त्या जेवण, झोप, बाजार यांपुरत्या चालतात, परंतु त्यांतून काल आणि उद्या सांगता येत नाही. म्हणून रोज पाच खुणा साऱ्या वर्गाने शिकाव्यात आणि त्याच संध्याकाळी घरी जाव्यात. ६ डिसेंबर २०२४ रोजी पीएम ई-विद्या योजनेत भारतीय सांकेतिक भाषेसाठी ३१ क्रमांकाची दूरदर्शन वाहिनी सुरू करण्यात आली आहे. दशावतारी नाटकात हात, डोळे आणि पावले यांतून प्रसंग ओळखण्याची सवय असलेल्या या मुलखाला खुणांची भाषा अवघड वाटण्याचे कारण नाही.

विशेष शाळा की गावची शाळा?

पालकांसमोरील सर्वांत कठीण प्रश्न हाच असतो. विशेष निवासी शाळेत प्रशिक्षित शिक्षक असतात आणि मुख्य म्हणजे खुणांनी बोलणारी अनेक मुले असतात. तेथे मुलाला भाषेचा शेजार मिळतो. परंतु त्यासाठी सहा-सात वर्षांच्या मुलाला घर सोडावे लागते, आणि जाण्याचे कारण त्याला समजावून सांगण्याइतकी भाषाही घरात नसते. गावच्या शाळेत घर राहते, भावंडे राहतात; पण भाषेचा शेजार नसेल, तर मूल वर्गात केवळ बसून राहते. २०१६ च्या अधिनियमाने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या बालकाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. निवड कोणतीही असो, ती मुलाला भाषा कोठे मिळेल या एकाच कसोटीवर व्हावी. अंतर, खर्च किंवा ‘तेथे जेवण मिळते’ या कारणांनी ती होऊ नये.

मसुऱ्यातील पुष्कळ घरांचे मुंबईशी नाते आहे. चाकरमानी नातेवाइकाने वांद्र्याच्या राष्ट्रीय संस्थेतील तपासणीपुरता चार दिवस आसरा दिला, तरी एका मुलाचे एक वर्ष वाचू शकते.

पंचायतीचे आणि शाळेचे कर्तव्य

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावी, असा शासनाचा नियम आहे. ती वर्षअखेर घाईने समान वाटून टाकण्यापेक्षा यंत्राच्या बॅटऱ्या, साचे, तपासणीचा प्रवास आणि पालकांसाठी सांकेतिक भाषेचा वर्ग यांवर खर्च झाल्यास तिचे चीज होईल. श्रवणयंत्रांसाठी केंद्र शासनाची एडिप योजना १९८१ पासून आहे. समग्र शिक्षा अभियानातून तालुक्यातील विशेष शिक्षकांचे मार्गदर्शन गट साधन केंद्रामार्फत मिळते. राज्यात ३ डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग कार्यरत आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र काढून घेतल्याशिवाय यांतील बहुतेक लाभ मिळत नाहीत; तेव्हा ते काम प्रथम करावे. परीक्षेत जादा वेळ आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद अधिनियमात आहे. मुख्याध्यापकांनी ती माहिती दहावीच्या वर्षी नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी पालकांना द्यावी.

आणखी एक लहानशी पण आवश्यक सूचना. आंगणेवाडीच्या जत्रेस लाखोंचा समुदाय लोटतो. गर्दीत चुकलेल्या ऐकणाऱ्या मुलाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारता येते. कर्णबधिर मुलाला ते ऐकू येत नाही आणि स्वतःचे नावही सांगता येत नाही. नाव, गाव, वाडी आणि पालकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले पत्र त्याच्या गळ्यात असावे. आणि ते स्वतःच्या हाताने लिहिण्यास त्याला शाळेने प्रथम शिकवावे.

शाळा जूनमध्ये उघडण्यापूर्वी शिक्षक, आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांनी मिळून वाडीवार एक यादी करावी: ज्यांच्याविषयी ‘ऐकत नाही’, ‘उशिरा बोलतो’, ‘लक्ष देत नाही’ असे घरी किंवा शाळेत म्हटले जाते, अशा प्रत्येक मुलाची. त्या यादीतील प्रत्येक मुलाचे कान तपासले जावेत आणि तपासणीचा निकाल शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्याच बैठकीत समोर यावा. यादीत कदाचित एकच मूल निघेल. त्या एका मुलासाठी वर्गातील दहा मुलांनी आणि घरातील चार माणसांनी खुणा शिकल्या, तर ‘मुका’ हे नाव वाडीतून आपोआप मागे पडेल आणि हजेरीपटावरचे त्याचे खरे नाव लोकांच्या ओठी येईल.